काका, जुना कागद घेऊन जा

ती. काकांस,


काल काकूंचा फोन आला. हृदयाची लय बिघडली म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी दिलेली, रक्त पातळ करणाऱ्या अपिक्साबॅनची पट्टी न फोडता कपाटात पडली आहे आणि "मला औषधं सोसत नाहीत" असं म्हणून तुम्ही विषय बंद केलात, हे कळलं. त्यातच नाक्यावर कुणीतरी सांगितलं की रक्त पातळ करायची गोळी म्हणजे उंदराचं विष. रोज औषधांच्या दुकानात उभी असते म्हणून नव्हे, तुमची पुतणी म्हणून लिहिते आहे. फार काळजी वाटली.

उंदराचं आधी सांगते. वॉरफरिन हे औषध १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं हे खरं आहे. पण १९५४ पासून ते माणसांना दिलं जातं आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही दिलं होतं. शिवाय तुमची गोळी वॉरफरिन नाहीच. तिचा वर्ग वेगळा, काम करायची पद्धत वेगळी.

तुमची भीती मात्र खोटी नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रक्त गोठू नये म्हणून पोटावर जी इंजेक्शनं देत होते, ती हेपॅरिनच्या जातीची होती. सातव्या दिवशी प्लेटलेट अडीच लाखांवरून नव्वद हजारांवर आल्या आणि पाय सुजला. हेपॅरिनमुळे काहींच्या शरीरात अशी प्रतिपिंडं तयार होतात की प्लेटलेट कमी होतात आणि तरीही रक्त गोठायला लागतं, तेही बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर यातलं काय आहे? खाली कोपऱ्यात, घाईच्या अक्षरात, "प्लेटलेट कमी, इंजेक्शन बंद." कुठलं इंजेक्शन ते नाही, तारीख नाही. त्या एका ओळीचा मला आजही त्रास होतो, कारण उद्या अँजिओग्राफीच्या वेळी किंवा नुसती सलाईनची नळी धुवायला कुणी हेपॅरिन वापरलं तर त्यांना थांबवायला तेवढीच ओळ आहे.

पण त्यावरून अपिक्साबॅन सोसणार नाही असं ठरत नाही. तिची रासायनिक रचना हेपॅरिनसारखी नाही आणि ती प्रतिपिंडं तिला ओळखत नाहीत. ज्यांना हेपॅरिनने असा त्रास झाला त्यांनाही पुढे या वर्गातल्या गोळ्या देतात.

दुसरी गोष्ट डायक्लोफेनॅकची. गुडघेदुखीसाठी ती गोळी महिनोन्‌महिने घेतलीत आणि डांबरासारखं काळं शौचाला झालं. ती अ‍ॅलर्जी नव्हती, पोटातला व्रण होता. माझ्या मते आजच्या गोळीतला खरा धोका इथून आहे. हे डॉक्टरांना आवर्जून सांगायलाच हवं. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन तपासतील, पोटासाठी गोळी जोडतील. आणि ती वेदनाशामकं, काका, आता घरातच ठेवू नका. दुखलं तर पॅरासिटॅमॉल, तीही विचारून. फक्त अ‍ॅस्पिरिनवर भागवू असंही म्हणू नका. वॉरफरिन ज्यांना चालत नव्हतं अशा साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांवरचा अ‍ॅव्हेरोज नावाचा अभ्यास २०११ मध्ये आला. अ‍ॅस्पिरिनवर वर्षाला ३.७ टक्के लोकांना पक्षाघात किंवा मेंदूबाहेर गुठळी झाली, अपिक्साबॅनवर १.६ टक्के, आणि मोठ्या रक्तस्रावात फारसा फरक नव्हता. तुमच्या हृदयाची लय बिघडलेली असताना पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट असतो.

डोस डॉक्टरच ठरवतील. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यांतल्या दोन गोष्टी जुळल्या की तो निम्मा करतात. तुमचं वजन ५८ आहे, म्हणून तो आकडा सांगायला विसरू नका. पुढे गोळी बदलून रिव्हरोक्साबॅन दिली तर नवरात्र लक्षात ठेवा. तिचा १५ किंवा २० मिलिग्रॅमचा डोस जेवणाबरोबरच घ्यावा लागतो, उपाशीपोटी नीट शोषला जात नाही. टेंभी नाक्याच्या देवीचे नऊ दिवस तुम्ही कडक उपवास धरता, म्हणून हे आधीच विचारून ठेवा. गोळी एकदा सुरू केल्यावर मात्र दात काढायचा असला तरी मनाने बंद करू नका. अचानक बंद केल्यावर गुठळीचा धोका वाढतो.

तुमच्या त्या दोन्ही त्रासांची नोंद औषधांचे दुष्परिणाम गोळा करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडेही झालेली नाही. २०१० मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम गाझियाबादहून चालतो. रुग्णालाही स्वतः कळवता येतं, मराठी फॉर्म आहे आणि १८००-१८०-३०२४ हा फोन मोफत आहे. फॉर्म मी भरून देईन.

मी एका कार्डावर लिहून पाठवते आहे: हेपॅरिन, प्लेटलेट उतरल्या, पाय सुजला, सातवा दिवस, डायक्लोफेनॅक, पोटात रक्तस्राव. ते पाकिटात पैशांबरोबर ठेवा. सोमवारी ते कार्ड, जुनं डिस्चार्ज कार्ड आणि न फोडलेली पट्टी घेऊन काकूंबरोबर डॉक्टरांकडे जा, आणि "ही गोळी मला चालेल का" हे तिथेच विचारा.

तुमची,
पुतणी