राजगीरचे ऊन पाणी आणि मावशींचे गुडघे



बुद्धगयेच्या सहलीला निघणाऱ्या आपल्या मंडळींची टिपणवही कधी उघडून पाहा. महाविहार, बोधिवृक्ष, नालंदा, सारनाथ, कुशिनारा, सारे काही तिच्यात ओळीने मांडलेले असते. कुठे किती वाजता पोहोचायचे, वंदना केव्हा, जेवण केव्हा, तेही असते. नसतो तो विसावा. वर्षभर काबाडकष्ट करणारा माणूस पै-पै साठवून आठ-दहा दिवस बाहेर पडतो आणि तिथेही पहाटे चारला उठून रात्री बारापर्यंत बसमध्ये आदळत राहतो. घरी परततो तेव्हा पाय सुजलेले आणि अंगात ताप. दर्शन झाले म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचे.

आमच्या विभागातील ३८ जणांची धम्मसहल २०२३ च्या डिसेंबरात निघाली. तिची आखणी आमच्याकडे होती. पेशा कारकुनाचा, शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे कागदावर रकाने पाडण्याची आम्हाला हौस दांडगी. राजगीरच्या रकान्यात गृध्रकूट, शांतिस्तूप, वेणुवन, सप्तपर्णी लेणे अशी नावे लिहिली आणि खाली बारीक अक्षरात लिहिले, ‘गरम पाण्याची कुंडे, पाऊण तास’.

त्या पाऊण तासावरून बैठकीत जी खडाजंगी झाली ती आजही आठवते. आमचा एक तरुण कार्यकर्ता उभा राहिला. म्हणाला, “गयेला उतरून पिंडदान न करता पुढे जाणारे आपण. बावीस प्रतिज्ञा घेतलेले. आणि ब्रह्मकुंडात डुबकी मारायची? मग कर्मकांड वेगळे ते काय राहिले?” त्याचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. राजगीरची कुंडे आज देवळांच्या गराड्यात आहेत. अधिक मास आला की तिथे महिनाभर मलमास मेळा भरतो आणि पाप धुवायला लाखोंची रीघ लागते. काठावर संकल्प सांगणारे पंडेही असतात. आम्ही त्या ओळीवर काट मारायला पेन उचललेच होते.

इतक्यात सहलीचा शेवटचा हप्ता भरायला आलेल्या आमच्या इमारतीतील मावशी बोलल्या. पंचवीस वर्षे भाजीची पाटी डोक्यावरून वाहिलेली बाई. “देवाला नाय जात रे पोरा मी. माझं गुडघं जातंय. रेल्वेत दीड दिस बसून आल्यावर वाईच ऊन पाणी मिळालं तर कुणाचा धरम बुडतोय?”

सभा हसली, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मग आम्ही त्या आठवड्यात थोडे वाचन केले. जे सापडले ते पुढच्या बैठकीत सांगितले आणि तेच येथे थोडक्यात देतो.

राजगीर म्हणजे जुने राजगृह, मगधाची राजधानी. वैभारगिरीच्या पायथ्याशी जे ऊन पाणी आजही वाहते त्याला पाली ग्रंथांत ‘तपोदा’ असे नाव आहे. त्याच्या काठी तपोदाराम नावाचा आराम होता आणि तथागतांचा मुक्काम तिथे होत असे. समिद्धी नावाचे भिक्खू पहाटे उठून तपोदेवर स्नानाला गेले, स्नान करून एका चीवरानिशी अंग सुकवीत उभे राहिले, असा प्रसंग सुत्तांत येतो. म्हणजे ही जागा आपल्याला परकी नाही. देवळे नंतरची, भिक्खूंची अंघोळ आधीची!

त्याहून मोठी गोष्ट विनयपिटकात आहे. बिंबिसार राजा एकदा डोके धुण्यासाठी तपोदेवर आला. पाण्यात भिक्खू होते. राजा असूनही त्याने कुणाला उठवले नाही. त्यांचे होईपर्यंत थांबतो म्हणाला. भिक्खू मात्र गरम पाण्यात असे रमले की अंधार पडला. राजाचे स्नान उशिरा झाले, तोवर नगराचे दरवाजे बंद झालेले. मगधाचा राजा रात्रभर वेशीबाहेर झोपला! सकाळी तो तसाच तथागतांकडे गेला आणि सारा प्रकार कळला. त्यावर नियम झाला की भिक्खूने पंधरवड्याच्या आत पुन्हा स्नान करू नये. पुढे अडचणी येऊ लागल्या तशा त्या नियमाला सवलती जोडल्या गेल्या. उन्हाळ्याचे दिवस, उकाड्याचा काळ, आजारपण, वारा-पाऊस यांना सूट मिळाली. आणखी दोन सवलती आहेत त्या आमच्या बैठकीत आम्ही दोनदा वाचून दाखवल्या. जो काम करून आला आहे त्याला सूट, आणि जो प्रवासात आहे त्याला सूट.

मावशी दोन्हीत बसत होत्या. पाऊण तासाची ओळ राहिली. एवढेच नव्हे, आम्ही तिचा दीड तास केला.

आता प्रत्यक्ष राजगीर. मुंबईहून गयेला थेट गाडी मिळते. डिसेंबर-जानेवारीत बिहारमध्ये धुके दाट पडते आणि गाड्या तासन् तास उशिरा धावतात, हे आखणी करताना धरूनच चालावे. आमची गाडी सात तास उशिरा पोहोचली. रकान्यांचा पहिला बळी तिथेच गेला. गया-बुद्धगयेकडून राजगीर सत्तर-ऐंशी किलोमीटर. बहुतेक बसवाले सकाळी निघून राजगीर आणि नालंदा एकाच दिवसात उरकतात आणि रात्री बुद्धगयेला परत आणतात. तसे मुळीच करू नये. ऊन पाण्याचे खरे सुख हवे असेल तर राजगीरला एक रात्र मुक्काम हवाच. विहार आहेत, धर्मशाळा आहेत. आधी पत्र किंवा फोन करून जागा पक्की करावी.

आम्ही दुपारी पोहोचलो. रोपवेने रत्नगिरीवर गेलो. निचिदात्सु फुजी गुरुजींच्या निप्पोन्झान म्योहोजी संघाच्या प्रयत्नाने उभा राहिलेला पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप तिथे आहे. १९६९ साली त्याचे उद्घाटन झाले. रोपवेच्या त्या एकेकट्या खुर्चीत बसताना आमच्या बायकांनी जी आरडाओरड केली ती बहुधा नालंदेपर्यंत ऐकू गेली असावी. तेथून उतरत गृध्रकूट. गुडघे दुखणाऱ्यांना ही वाट बरी, कारण चढ रोपवे चढतो. पण उतारही गुडघ्याला लागतोच, आणि संध्याकाळी मावशी बसच्या पायरीवर बसून राहिल्या. वर चढता येईना.

त्या रात्री कडाक्याची थंडी होती. पहाटे पाचला आम्ही सगळ्यांना उठवले. कुणी कुरकुर केली, कुणी गोधडीतून तोंडच काढले नाही. अंधारात चालत वैभारगिरीच्या पायथ्याशी आलो तर पाण्यावरून पांढरी वाफ उठत होती.

पाणी गरम का, हा प्रश्न मुलांनी विचारलाच. पाली ग्रंथांत यासाठी नरकांची कल्पना येते, की हे पाणी दोन महानरकांच्या मधून वाहत येते म्हणून उकळते. ग्रंथ आपला असला तरी ती त्या काळची समजूत, असे आम्ही मुलांना स्पष्ट सांगितले. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल खोल जिरते. जमिनीखाली जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून दाबाने वर येते. ज्वालामुखी लागत नाही आणि कुणा ऋषीचा वरही लागत नाही. आपल्याकडे तानसा नदीकाठी वज्रेश्वरी-अकलोलीला किंवा महाडजवळ सव गावी हेच घडते. कोकणातली माणसे अशा झऱ्यांना उन्हाळे म्हणतात. उन्हेरे, उन्हवरे ही गावांची नावे पाहा म्हणजे कळेल.

डोंगरातून येणारे पाणी सप्तधारेत तोट्यांवाटे पडते. ब्रह्मकुंड सर्वांत गरम, सुमारे ४५ अंश. घरी आपण कडक म्हणतो ते अंघोळीचे पाणी ४० अंशांच्या आसपास असते, यावरून अंदाज यावा. पुरुषांची आणि बायकांची सोय वेगळी आहे. पलीकडे विपुलगिरीच्या बाजूला मखदूम कुंड आहे. सूफी संत मखदूम शरफुद्दीन यांनी तिथे साधना केली. एकाच डोंगररांगेचे ऊन पाणी. भिक्खूंनी, जैनांनी, हिंदूंनी, मुसलमानांनी ज्याने त्याने आपले मानलेले. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगानेही दुरून आजारी माणसे येथे स्नानाला येतात अशी नोंद केली आहे.

पायऱ्यांवर एका गृहस्थांनी आम्हाला अडवले. हातात तांब्या. “कहाँ से आए हैं? नाम-गोत्र बोलिए, संकल्प करा देते हैं।” खरे सांगतो, पाण्याच्या काठावर कुणी असे विचारले की आमच्या छातीत अजूनही धस्स होते. २० मार्च १९२७ नंतर आपल्या चार पिढ्या झाल्या, शिकलो, नोकरीला लागलो, तरी होते. विचारणाऱ्याच्या मनात कदाचित काही नसेलही, तो त्याचा धंदा. आम्ही उत्तर जुळवत होतो, तोवर मागून मावशी पुढे आल्या. “गोत्र-बित्र काय नाय बाबा आमचं. पानी गरम हाय ना?” गृहस्थ गोंधळले. “हाँ माताजी, गरम है।” “मग झालं तर.” आणि लुगड्याचा ओचा सावरत त्या बायकांच्या बाजूला निघून गेल्या.

आत काय झाले ते आमच्या सौभाग्यवतींनी सांगितले. मावशी धारेखाली दगडावर बसल्या. आधी पाय, मग गुडघे, मग खांदे. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “आयुष्यात पहिल्यांदा अंघोळीला पाणी मोजून घ्यावं नाय लागलं.” चाळीत राहिलेल्या बाईलाच या वाक्याचे वजन कळेल.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी अनुभवाच्या. कुंडात अनेकजण उतरतात, तेव्हा तुंबलेल्या कुंडापेक्षा वाहत्या धारेखाली बसणे चांगले. साबण लावू नये. अंगावर जखम किंवा इसब असेल तर पाण्यात शिरू नये. हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते, पाय भाजला तरी कळत नाही. अशांनी दुसऱ्याला आधी पाणी बघायला सांगावे. जेवून लगेच नको, पाण्यात दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि उठताना सावकाश उठावे. आमच्यातील एक काका झटकन उठले आणि भोवळ येऊन पुन्हा खाली बसले. नशीब, शेजारी माणूस होता. बाहेर आल्यावर पाणी प्यावे आणि डोके-कान झाकावेत, कारण बाहेरची थंडी बोचते. मलमास मेळ्याचे दिवस टाळावेत. २०२६ चा अधिक मास १७ मे ते १५ जून असा आहे. मकरसंक्रांतीलाही गर्दी उसळते.

अंघोळीनंतर ज्यांच्या पायांत जोर होता ते वर गेले. कुंडांच्या वरच पिप्फली गुहेची जागा दाखवतात. महाकस्सप तिथे आजारी असताना तथागत त्यांना भेटायला गेले होते. आणखी वर सप्तपर्णी लेणे. महापरिनिर्वाणानंतर पाचशे भिक्खूंची पहिली संगीती येथे भरली, उपालींनी विनय सांगितला आणि आनंदांनी धम्म, असे परंपरा सांगते. खाली ज्या पाण्यावरून अंघोळीचा तो नियम झाला, तो विनयाचा भाग म्हणून वर, त्याच डोंगरावर पाठ झाला. लेण्यासमोर उभे राहून आम्ही हे सांगितले तेव्हा धापा टाकणारी मंडळीही क्षणभर गप्प झाली. न चढणारे तोवर खाली वेणुवनात उन्हाला बसले होते. बिंबिसाराने संघाला दिलेले हे वन कुंडांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि म्हाताऱ्या माणसांनी अंग सुकवत बसायला त्याहून चांगली जागा नाही.

बैठकीत विरोध करणाऱ्या त्या तरुणाने शेवटपर्यंत अंघोळ केली नाही. आम्हीही आग्रह केला नाही. सगळ्यांच्या चपला, पिशव्या, मोबाईल मात्र दीड तास त्यानेच राखले, कुडकुडत.

नालंदेला निघताना पाहिले तर मावशींच्या हातात त्या पाण्याने भरलेली बाटली. आमच्या कपाळावर आठी आली. तीर्थ म्हणून नेतात की काय? त्यांनी ती बाटली फडक्यात गुंडाळली, बसमध्ये बसल्यावर उजव्या गुडघ्याला बांधली आणि डोळे मिटले. नालंदा तिथून बारा-तेरा किलोमीटर. बस थांबली तेव्हा पाणी निवले होते. मावशी खाली उतरल्या, बाटली एका झाडाच्या बुंध्याशी रिकामी केली आणि आमच्या पुढे चालू लागल्या.