नल्लूरची चिंचराई

बेंगळूरला पाहुणे आले की त्यांना काय काय दाखवायचे, याची यादी प्रत्येक मराठी घरात ठरलेली असते. लालबाग, कब्बन पार्क, विधानसौध, एखाद्या संध्याकाळी मल्लेश्वरमच्या बाजारात फेरफटका आणि हाताशी दोन दिवस असतील तर म्हैसूर. या यादीत आणखी एका ठिकाणाची भर घालावी, असे मला सुचवायचे आहे. तिथे पाळणे नाहीत, बोटिंग नाही, भेळेच्या गाड्यांची रांगही नाही. आहेत ती चिंचेची झाडे. पण अशी झाडे तुम्ही दुसरीकडे क्वचितच पाहिली असतील.

हे ठिकाण म्हणजे देवनहळ्ळी तालुक्यातले नल्लूर. गावाबाहेर सुमारे ५४ एकरांवर पसरलेली चिंचेची राई आहे. कन्नडमध्ये चिंचेला ‘हुणसे’ म्हणतात आणि राईला ‘तोपु’. म्हणून वाटेत कुणालाही ‘हुणसे तोपु एल्लि?’ असे विचारले की हात आपोआप योग्य दिशेला वळतो.

वयाचा हिशेब

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही डबे बांधून निघालो. देवनहळ्ळी मागे टाकून गाडी सुलिबेलेच्या दिशेला लागली, तशी मोठ्या रस्त्याची घाई ओसरली. द्राक्षांचे मांडव, नाचणीची कापून झालेली शेते, तुतीचे हिरवे पट्टे दिसू लागले. या भागात रेशमाचे किडे पाळण्याचा जुना धंदा आहे. तुती त्यांच्यासाठीच.

राईत पाऊल टाकताच मुले गप्प झाली. चिंचेचे झाड आपल्या ओळखीचे, शाळेच्या आवारातले, दगड मारून आकडे पाडण्याचे. इथली झाडे मात्र त्या ओळखीत बसत नाहीत. बुंधे इतके जाड की चार-पाच माणसांनी हातात हात धरले तरी कवेत येऊ नयेत. सालीवर गाठी, पीळ, खोल भेगा. कित्येक बुंधे आतून पार पोकळ झालेले. एका ढोलीत आमची तिन्ही मुले उभी राहिली. आणि इतके होऊनही वर पाहावे तर पालवी टवटवीत, फांद्यांना तपकिरी आकडे लगडलेले!

एका झाडाखाली एक म्हातारी पडलेल्या चिंचा ओच्यात वेचत होती. माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये मी विचारले, ‘‘अज्जी, हे झाड किती वर्षांचे?’’

ती हसली. म्हणाली, ‘‘लहानपणी मी माझ्या अज्जीला हेच विचारले होते. तिलाही ठाऊक नव्हते.’’

कन्नड ‘अज्जी’ आणि मराठी ‘आजी’ यांच्यात अंतर ते कितीसे! तिच्या उत्तरात दोनशे वर्षे सहज मावली.

ही राई चोळ राजांच्या काळातली, म्हणजे आठशे-हजार वर्षांपूर्वीची, असे परंपरेने सांगतात. राईत एका जुन्या देवळाचे अवशेषही आहेत. शास्त्रज्ञांचा हिशेब याहून सावध आहे. इथल्या एका झाडाच्या लाकडाची कार्बन पद्धतीने तपासणी झाली, तेव्हा त्याचे वय चारशे वर्षांच्या आसपास निघाले. तेही काही थोडे नव्हे. विजापूरच्या फौजेने १६३८ मध्ये बेंगळूर जिंकले आणि ते पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आले. ते घोडदळ या मुलखातून दौडले असेल, तेव्हा ते झाड इथे मुळे रोवून उभे असणार.

वेल्स आणि इंग्लंडमध्ये सन १६०० पासून अखंड टिकून असलेल्या रानालाच ‘प्राचीन वन’ म्हणतात. वेल्सच्या ओकच्या रानांना तिथले लोक दूरदूरहून भेट देतात, त्यांचे नकाशे काढतात, त्यांच्या वाटांवरून मुलांना हिंडवतात. त्याच मापाच्या जवळपास पोचणारी राई आपल्या शहराला लागून उभी आहे आणि बेंगळूरच्या कितीतरी घरांना तिचे नावही ठाऊक नाही.

पडले तरी मरत नाही

इतकी वर्षे ही झाडे टिकली कशी? याचे उत्तर राईतच, डोळ्यांसमोर आहे. मूळ खोड म्हातारे होऊन पोकळ झाले किंवा वादळात कोसळले, तरी त्याच बुंध्यातून नवे खोड वर येते. काही ठिकाणी आडव्या पडलेल्या खोडातूनच सरळसोट फांद्या वर गेल्या आहेत आणि आता त्यांचेच वृक्ष झाले आहेत. आजोबा, वडील, नातू एकाच मुळावर उभे! एकत्र कुटुंबाचे याहून चांगले चित्र मी तरी पाहिलेले नाही.

गंमत अशी की, ज्याला आपण अस्सल देशी समजतो, ते हे झाड मुळात आफ्रिकेतले. फार प्राचीन काळी ते इकडे आले आणि इतके रुजले की अरबांनी त्याच्या फळाला ‘तमर-हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, असे नाव दिले. तेच नाव फिरत फिरत युरोपात जाऊन ‘टॅमरिंड’ झाले.

चिंचेखाली रात्री झोपू नये, तिथे भुते असतात, असे आपल्या आजीने सांगितलेले असतेच. कर्नाटकातही ही समजूत आहे. पण दिवसा या झाडाशी माणसाचे गूळपीठ जुने. ग्वाल्हेरला तानसेनाच्या कबरीजवळ चिंचेचे झाड आहे. त्याची पाने चघळली की गळा गोड होतो, या श्रद्धेने गवई तिथे जात आले आहेत. आपल्याकडे आमटीला चिंच-गूळ हवा, तर इथे सारू, बिसीबेळे भात आणि पुळियोगरे चिंचेवाचून होतच नाहीत. चिंचोक्यांची खळ धनगरांच्या घोंगडीला ताठपणा देते आणि उरलेल्या चिंचोक्यांवर मुलांचे खेळ चालतात.

राई टिकण्याचे दुसरे कारण या उपयोगातच आहे. जुन्या म्हैसूर मुलखात पुष्कळ गावांना सामायिक राई असे. तिला ‘गुंडुतोपु’ म्हणत. आंबा, फणस, जांभूळ, चिंच अशी झाडे तिथे असत. वाटसरूंनी सावलीला बसावे, गुरांनी विसावावे, गावाने फळे घ्यावीत, पण झाड तोडू नये, अशी रीत होती. आपल्या कोकणातल्या देवराया देवाच्या धाकाने राहिल्या. या राया गावाच्या गरजेने राहिल्या. बेंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातील हरिणी नागेंद्र आणि सीमा मुंडोळी यांनी अशा रायांचा अभ्यास केला आहे. शहर पसरत गेले तशा त्यांतल्या अनेक राया इमारतींखाली गेल्या.

पपनसाचा मुलूख

नल्लूरहून परतताना देवनहळ्ळीचा किल्ला पाहावा. पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास इथल्या गौडांनी मातीचा कोट बांधला. पुढे हैदर अलीने तो दगडात बांधून काढला. टिपू सुलतानचा जन्म याच गावचा. किल्ल्याजवळ त्याचे छोटेसे स्मारक आहे. कोटाच्या आत आजही वस्ती आहे. बुरुजाला टेकून मुले क्रिकेट खेळतात आणि वेणुगोपाल स्वामींच्या देवळात घंटा वाजत असते.

देवनहळ्ळीची आणखी एक ओळख म्हणजे पपनस. इकडे त्याला ‘चकोता’ म्हणतात. आतला गर गोडसर, रसाळ. देवनहळ्ळीच्या चकोत्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. मात्र त्याच्या बागा पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाल्या आहेत, आणि त्यामागचे कारण डोक्यावरून घोंघावत जात असते. मे २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळ बेंगळूरचे नवे विमानतळ सुरू झाले. जमिनीचा भाव असा चढला की पपनसाच्या झाडापेक्षा त्याखालची माती मोलाची ठरली.

कागद आणि माणसे

नल्लूरच्या राईला मात्र विमानतळाच्या आधी वर्षभर एक कवच मिळाले होते. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार राज्य सरकार एखाद्या जागेला ‘जैवविविधता वारसा स्थळ’ म्हणून घोषित करू शकते. हा मान देशात सर्वांत आधी, २००७ साली, मिळाला तो नल्लूरच्या चिंचांना. महाराष्ट्रात गडचिरोलीचे आलापल्लीचे वनवैभव, पुण्याचे गणेशखिंड उद्यान, सिंधुदुर्गातली बांबर्डे-हेवाळेची रानजायफळाची राई या जागा त्यानंतर यादीत आल्या.

पण कागदाचे कवच राईच्या कुंपणापाशी संपते. कुंपणापलीकडे शेते आहेत. ती गेली तर विहिरींचे पाणी, गुरे, चिंचा वेचणाऱ्या अज्जी, सगळेच जाईल. आणि तसा प्रसंग आलाही होता. विमाननिर्मितीच्या उद्योगांसाठी नल्लूरच्याच परिसरातली, चन्नरायपट्टण होबळीतील तेरा गावांची १,७७७ एकर जमीन घेण्याचे सरकारने ठरवले. होबळी म्हणजे आपल्याकडच्या महसूल मंडळासारखा भाग. शेतकरी तीन वर्षांहून अधिक काळ धरणे धरून बसले. अखेर जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी हे भूसंपादन मागे घेतल्याचे जाहीर केले. ज्यांना स्वखुशीने जमीन द्यायची असेल त्यांच्याकडून ती घेऊ, असेही सांगितले.

उद्योग नकोत असे कोण म्हणेल? आपल्याच घरातली मुले त्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत नोकरी करतात. सुट्टीला गावी जाताना आपणही त्याच विमानतळावरून उडतो. तरी मनात येते की, चारशे वर्षे ही राई कोणत्याही कायद्यावाचून उभी राहिली, कारण शेजारी तिची गरज असलेली माणसे होती. ती माणसे उठून गेली, तर राईच्या भोवती भिंत राहील आणि आत झाडे राहतील, पण त्यांना विचारणारे कोणी राहणार नाही. म्हातारी झाडे आजही अधूनमधून कोसळतात. आम्ही हिंडलो त्या भागात कोवळी रोपे फार थोडी दिसली. पोकळ बुंध्यातून नवे खोड फुटते हे खरे, पण त्याला वाढायला पन्नास वर्षांची शांतता लागते. ती देणे कुणाच्या हाती आहे, हे त्या तेरा गावांनी दाखवून दिले.

जायचे असेल तर

नल्लूर बेंगळूरहून एका दिवसात आरामात होते. देवनहळ्ळीपर्यंत बस मिळतात, पुढे रिक्षा किंवा स्वतःची गाडी सोयीची. पिकलेल्या चिंचा पाहायच्या तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. पावसाच्या तोंडावर गेलात तर लाल रेघांची पिवळी फुले दिसतील. पाणी आणि डबा बरोबर घ्या, पायात बूट घाला. झुडुपांत साप-विंचू असू शकतात. फांद्यांना लोंबकळू नका. त्या वरून भक्कम दिसल्या तरी आतून पोखरलेल्या असतात.

पहाटे निघालात तर आधी नंदी डोंगर करता येईल. त्याच्या पायथ्याशी भोगनंदीश्वराचे प्राचीन देऊळ आणि पायऱ्यांची देखणी पुष्करणी आहे. तिथून देवनहळ्ळीचा किल्ला आणि मग दुपारच्या उन्हात नल्लूरची सावली. हाच क्रम उत्तम, कारण चिंचेच्या दाट सावलीची खरी किंमत दुपारीच कळते. सोबत घरातले कोणी वडीलधारे असतील तर त्यांना अवश्य न्या. मुले ढोलीत लपाछपी खेळतील, तोवर आजी-आजोबांना त्यांच्या गावचे चिंचेचे झाड आठवेल. ते कुठे होते आणि त्याचे पुढे काय झाले, हे त्यांना त्या सावलीत बसूनच विचारा.