भंडाऱ्याची हवा किती भरते?

पुस्तकात हवेचा दाब ७६ सेंटिमीटर पारा असा छापलेला असतो आणि भंडाऱ्यातल्या प्रयोगशाळेत पारा ७४च्या आसपासच थांबतो. भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, आणि दर वर्षी कोणीतरी म्हणायचेच, "सर, यंत्र बिघडलंय." यंत्राला काहीही झालेले नसते. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचावर राहतो, तेवढ्या जाडीची हवा आपल्या डोक्यावर कमी असते. मे महिन्यात हवा तापून हलकी होते, तेव्हा पारा आणखी उतरून ७३कडे सरकतो.

हे वाचन घेणे मोठे निगुतीचे काम. प्रयोगशाळेतल्या या यंत्राला, म्हणजे फोर्टिनच्या बॅरोमीटरला, तळाशी चामड्याची पिशवी असते. तिच्याखालचा स्क्रू फिरवला की भांड्यातला पारा वर-खाली होतो. त्यावर एक हस्तिदंती टोक रोखलेले असते आणि आरशासारख्या पाऱ्यात त्याचे प्रतिबिंब दिसते. टोक आणि प्रतिबिंब एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत, पाऱ्याला खळी पडता कामा नये. मग नळीवर बोटाने हलकी टिचकी मारायची, म्हणजे काचेला धरून बसलेला पारा मोकळा होतो, आणि व्हर्नियरची सरकती पट्टी वाचायची. तापमान मात्र सगळ्यात आधी टिपायचे, कारण जवळ उभ्या माणसाच्या अंगाची ऊबही लागते. मोजपट्टी पितळेची. उष्णतेने पारा जास्त प्रसरण पावतो, पितळ कमी. हा फरक आपल्याकडच्या उन्हाळ्यात चार-पाच मिलिमीटरांपर्यंत जातो आणि तो तक्ता पाहून वजा करावा लागतो. पितळ तापल्यावर काय करते हे भंडाऱ्याच्या कासारांना सांगायला नको!

ही पाऱ्याची नळी इटलीतल्या टॉरिचेल्ली या शास्त्रज्ञाची. त्याने १६४४ सालच्या पत्रात लिहिले की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. 'बॅरोमीटर' हे नाव मात्र पुढचे, १६६०च्या दशकात रॉबर्ट बॉइलच्या लिखाणातून रुळलेले. ग्रीकमध्ये 'बारोस' म्हणजे वजन आणि 'मेट्रोन' म्हणजे माप. 'बारोस' ऐकून आपल्याला चटकन 'भार' आठवतो आणि फसायला होते. 'भार' आला 'भृ' धातूपासून, म्हणजे वाहून नेणे. ग्रीकमधले त्याचे भावंड 'फेरो'. 'बारोस'चे खरे नाते आपल्या 'गुरू'शी आहे! गुरू म्हणजे मुळात जड. लॅटिनमधला 'ग्राविस' आणि त्यावरून आलेली इंग्रजीतली 'ग्रॅव्हिटी' याच घराण्यातली. 'मेट्रोन' आणि 'मात्रा' हेही एकमेकांचे सोयरे. म्हणजे या परक्या दिसणाऱ्या शब्दाचे दोन्ही तुकडे व्याकरणाच्या तासाला लघु-गुरू आणि मात्रा मोजताना आपण रोज तोंडी घेत होतो.

सगळ्यांनीच ग्रीक नाव उचलले असे नाही. आइसलँडच्या भाषेत हे यंत्र म्हणजे 'हवेचा तराजू', आणि फिनिश भाषेतल्या जुन्या शब्दाचा अर्थही हवा तोलायचा काटा. इंग्रज खलाशी आणि जर्मन लोक त्याला सरळ 'हवामानाची काच' म्हणत. मराठीत वायुभारमापक आणि वायुदाबमापक असे दोन्ही शब्द चालतात. माझे मत विचाराल तर पाऱ्याच्या नळीला 'वायुभारमापक' शोभतो, कारण तिथे खरोखरच एका बाजूला पारा आणि दुसऱ्या बाजूला हवा तोलली जाते. डबीच्या बॅरोमीटरला 'वायुदाबमापक' ठीक. १८४४च्या सुमारास ल्युसियाँ विदीने तो काढला. त्यात द्रव नसतो, हवा पातळ पत्र्याची डबी दाबते.

टॉरिचेल्लीच्या डोक्यात ही पाऱ्याची नळी आली ती पंपामुळे. खोल विहिरीतून पंप साधारण दहा मीटरांच्या वर पाणी ओढत नाही, हे इटलीत माहीत होते. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात त्याची चर्चा केली. पाऱ्याची घनता पाण्याच्या १३.६ पट. भंडाऱ्याचे ७४ सेंटिमीटर पाऱ्यातून पाण्यात मांडा, दहा मीटर येतात. प्रत्यक्षात सात-आठ मीटरांपुढे पंप दम टाकतो. सबमर्सिबल येण्याआधी उन्हाळ्यात विहिरीतले पाणी खाली गेले की आपले शेतकरी मोटार दोर लावून खालच्या टप्प्यावर उतरवत. टॉरिचेल्लीचे नाव न ऐकता केलेले हे हवेचे वजनच होते.

आता थोडी तक्रार. वर्तमानपत्रांत पावसाळ्यात प्रत्येक बातमीत 'कमी दाबाचा पट्टा' येतो. पट्टा म्हणजे लांबट द्रोणी. बंगालच्या उपसागरातून ओडिशा, छत्तीसगड ओलांडून आपल्याकडे येते ते बहुधा कमी दाबाचे क्षेत्र, गोलाकार आणि सरकणारे. त्याची वाट कुठून जाते यावर झडी कुठे लागणार हे ठरते. रोवणीसाठी पऱ्हे तयार ठेवून बसलेल्या माणसाला हा फरक कळायला हवा.

आणि बॅरोमीटर काय सांगत नाही तेही कळायला हवे. २०२०च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला, तो मुख्यतः मध्य प्रदेशातल्या पावसाचा आणि तिकडच्या धरणांतून सोडलेल्या पाण्याचा. भंडाऱ्यातल्या भिंतीवरच्या यंत्राला वरच्या धरणाची दारे दिसत नाहीत. त्यासाठी नदीच्या पातळीच्या आणि विसर्गाच्या बातम्याच ऐकाव्या लागतात.

आजकाल बऱ्याच मोबाइलांत नखाएवढा बॅरोमीटर असतो. तुमच्या मोबाइलात असेल तर जरूर पाहा. भंडाऱ्यात तो हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा २८-२९ हेक्टोपास्कल (दाबाचे आजचे एकक) कमी दाखवील. खाते आकडा समुद्रसपाटीला आणून सांगते, म्हणून हा फरक. दुसरे असे की आपल्या अक्षांशावर दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास दोन-चार हेक्टोपास्कल उतरतो, आभाळ निरभ्र असले तरी. पावसाळी कमी दाबाच्या क्षेत्रातली घटही कित्येकदा एवढीच असते. तेव्हा दुपारचा उतार पाहून वादळ आले असे घरी सांगू नका. आज सकाळी दहाचा आकडा काल सकाळी दहाच्या आकड्याशी ताडून पाहा. तो सलग दोन दिवस घसरला, तर मात्र बांधीची धुरे बघून या.