सात नाण्यांचं पाकीट

आमच्या खापरच्या बाजूला जुनं नाणं म्हटलं की माणसाला आधी चांदी आठवते. सातपुड्यातल्या आदिवासी बायांच्या गळ्यात राणी छाप रुपयांच्या माळा पाहतच आम्ही मोठे झालो. तो रुपया ११.६६ ग्रॅम भरतो, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. सोनार तोलून भाव सांगतो, विषय संपतो. १९५७ साली आलेल्या नव्या पैशांना मात्र हा हिशेब लागू पडत नाही. त्यांच्यात चांदी नाहीच. त्यांची किंमत ठरते ती नाणं किती दुर्मीळ आणि किती कोरं आहे यावर.

माझे खालू गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांनी कुणाकडून तरी एक चकचकीत पाकीट २,५०० रुपयांना घेतलं. कडक प्लास्टिकच्या सात खणांत सात नाणी, वर सोनेरी अक्षरं : ‘नये पैसे, १९५७, संपूर्ण संच, अनसर्क्युलेटेड’. आणखी वीस पाकिटं घेतली तर ४० हजारांत मिळतील आणि पाच वर्षांनी दुप्पट भावानं परत घेऊ, असा विकणाऱ्याचा तोंडी शब्द. खालूंजवळ तेवढे पैसे होते, पण ते मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले.

“बेटी, अब्बांनी तुला नाणी ओळखायला शिकवलंय. जरा बघ,” ते म्हणाले. माझे अब्बा एसटीत कंडक्टर होते. दिवसभराच्या चिल्लरमधून वेगळं नाणं दिसलं की आपल्या खिशातला पैसा टाकून ते बाजूला काढत. त्यांचं भिंग आजही माझ्याकडे आहे.

पहिली खोट मात्र भिंगाशिवायच दिसली. पाकिटावर १९५७ होतं, आतल्या पन्नास नव्या पैशांवर १९६२. पन्नास नव्या पैशांचं नाणं १९६० च्या आधीच्या सालाचं नसतंच, आणि दशमान पद्धतीचा निकेलचा रुपया आला १९६२ साली. म्हणजे सात नाण्यांचा १९५७ चा ‘संपूर्ण संच’ जमणंच शक्य नाही. टाकसाळीनं स्वतः बांधलेला संच वेगळा. हे पाकीट एका दुकानदारानं जमवलेलं होतं. तसं जमवणं गैर नाही, पण लेबल खरं हवं.

मग कोरेपणा. खालूंना खिडकीजवळ बसवून नाणी सावकाश तिरकी करायला सांगितली. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. रुपया आणि पन्नास पैशांवर तो छान फिरला. एक-दोन बारीक टोचे होते. टाकसाळीच्या पिशवीत नाणी एकमेकांवर आपटतात, त्यामुळे तेवढे चालतात. कांस्याचा एक नवा पैसा मात्र सगळीकडून सारखाच गुलाबी, घासलेल्या भांड्यासारखा. भिंगातून बारीक ओरखडे दिसले, सिंहाची आयाळ झिजलेली. वापरलेलं नाणं आंबटात घालून उजळलेलं होतं. दहा पैशांच्या कडेला हिरवट चिकटपणा आला होता. हलकं प्लास्टिक नाण्याला असं खातं.

सालाखालची खूणही पाहिली. काहीच नसेल तर कोलकाता, बाकीच्या खुणा मुंबई आणि हैदराबादच्या. या पाकिटात तिन्ही टाकसाळींची सरमिसळ होती.

“म्हणजे नाणी खोटी?” खालूंनी विचारलं.

“नाणी खरीच आहेत खालू. सातांतली दोन चांगली, बाकी साधी. तुम्ही पैसे मोजलेत ते सोनेरी अक्षरांचे.”

ते गप्प झाले. मी म्हटलं, “माझंही ऐकू नका. सुरतेला जाताय ना, तिथे दोन दुकानांत हे पाकीट विकायला म्हणून दाखवा.” दोघांनीही सांगितलेला भाव ५०० च्या आत होता. फी वेळेवर भरली गेली.

आपल्या घरांत अशा मालाला आणखी एक वाट मिळते. ७८६ आकड्याची नोट, बरकतीचं नाणं म्हणून लोक दामदुप्पट मोजतात. आकडा प्रिय असणं वेगळं, त्यानं बाजारभाव वाढतो हे मानणं वेगळं. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं खुद्द बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं.

नाण्यांचा छंद जरूर करा. मुलांना नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय दाखवा. आणि पाकीट घेण्याआधी विकणाऱ्याला एवढंच विचारा : हेच मी आज तुम्हाला विकलं, तर किती द्याल?