दस्ता

'दस्ता' या एका शब्दावर आम्ही वर्गात अख्खा तास काढू शकतो. कागदाचा दस्ता, गुलदस्ता, फौजेचा दस्ता, बंदुकीचा दस्ता. सगळ्यांच्या मुळाशी फारसीतला 'दस्त', म्हणजे हात. मुलांना हे सांगताना आम्हाला तो नुसता भाषेचा धडा वाटायचा. गेल्या पावसाळ्यात अब्बांनी त्याचा अर्थ शिकवला.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक. बी.एड. होऊन नोकरी लागली आणि पुढे एन.सी.सी.चे कामही गळ्यात पडले. कवायतीसाठी मुलांना थ्री नॉट थ्रीच्या डी.पी. रायफली मिळतात. डी.पी. म्हणजे ड्रिल पर्पज; गोळी सुटणार नाही अशा निकामी केलेल्या. हे मॉडेल इंग्रजांच्या फौजेत 1907 साली आले. दोन महायुद्धे पाहून ते पोलिसांच्या खांद्यावर उरले. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर 26 जानेवारी 2020 च्या संचलनात त्याला निरोप दिला. आमच्याकडच्या एका रायफलीवर मुकुटाचे चिन्ह, ईशापूर कारखान्याचे नाव आणि 1944 साल कोरलेले आहे.

लोखंड धड होते, लाकडाची मात्र दशा झालेली. कुणीतरी कधी काळी व्हार्निश फासलेले, त्याचे पोपडे निघत होते. मुलांच्या तळहातात फास घुसायची.

अब्बांनी चाळीस वर्षे फर्निचरला पॉलिश केले. आम्ही सहज विषय काढला. अब्बा ताटावरून उठलेच.

"मैं उसकू हात नई लगाऊंगा."

जानेवारी 1993 मध्ये मुंबईच्या दंगलीत अब्बा काम करत होते तो कारखाना जळाला. आम्ही तेव्हा पाच वर्षांचे. अम्मीच्या कुशीतून खिडकीबाहेर पाहिलेले एवढेच आठवते की गल्लीच्या तोंडाशी पहारा होता आणि पहारेकऱ्याच्या खांद्यावर हीच बंदूक होती. महिन्याभरात आम्ही गावी परतलो. अब्बांनी त्या दिवसांचे नाव पुन्हा काढले नाही. आम्हीही पुन्हा विषय काढला नाही.

एका रविवारी शेजारचा एक कॅडेट हात धरून आला. फास खोल गेली होती. अब्बांनी सुई तापवली, चष्मा चढवला आणि फास अलगद काढली. मग ती बोटावर घेऊन उजेडात धरली. बराच वेळ पाहत राहिले.

"लकडी अच्छी है. भूकी है बिचारी. तेल कोन देता नई क्या इसकू?"

आम्ही युनिटच्या साहेबांची परवानगी काढली. अट एकच, रायफल आवाराबाहेर जाणार नाही. कोताबाहेरच्या व्हरांड्यात हवालदारांनी स्क्रू काढून लाकूड वेगळे करून दिले. एन.सी.सी.त शिकवणाऱ्या हवालदाराला 'उस्ताद' म्हणतात. पॉलिशच्या धंद्यात अब्बाही उस्तादच. दोघे एकमेकांना उस्ताद म्हणू लागले.

आम्हाला वाटले होते, अब्बा लाखेचे पॉलिश मारून लाकूड चकाकवतील. त्यांनी मान हलवली. लाखेला पाणी लागले की ती पांढरी पडते. पावसात उभे राहणाऱ्याला असला थाट काय कामाचा? टर्पेंटाइनच्या चिंधीने त्यांनी जुने व्हार्निश आणि मळ उतरवला. खोक पडली तिथे ओले फडके ठेवून वर गरम इस्त्री टेकवली. वाफेने दबलेले रेषे फुगून वर आले. बारीक कागद रेषेच्या दिशेनेच फिरवला. लाकडावरचे आकडे मात्र घासू दिले नाहीत. "इसकी उमर है वो. मत मिटाव."

मग कच्चे अळशीचे तेल. दोन-चार थेंब तळहातावर घेऊन लाकूड गरम होईपर्यंत चोळायचे, उरलेले पुसायचे, दिवसभर थांबायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेलाच्या चिंध्या अब्बा बोळा करून ठेवत नसत. अळशीचे तेल सुकताना उष्णता धरते, गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेट घेतात. प्रत्येक चिंधी पाण्यात बुडवून ते तारेवर पसरून टाकत.

"आग देखेला आदमी हूँ मैं," एवढेच म्हणाले. तीस वर्षांत त्या दिवसांबद्दल त्यांच्या तोंडून आलेले हे पहिले वाक्य. आम्ही चोळत राहिलो. बोललो असतो तर वाक्य तिथेच तुटले असते.

आठवड्याभरात लाकूड काळपट तांबूस झाले, त्याच्या रेषा दिसू लागल्या. अब्बांच्या तळहातांचाही तोच रंग. दस्त आणि दस्ता शेजारी ठेवलेले आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

15 ऑगस्टला आमच्या मुलांनी मैदानावर सलामी दिली. अब्बा कुंपणाबाहेर, नमाजची टोपी घालून, गर्दीत उभे होते. आत या म्हटले तर आले नाहीत. घरी परतताना रस्ताभर गप्प. आम्हाला वाटले, मुंबई आठवली असेल. जिन्यापाशी थांबले आणि विचारले,

"किसी बच्चे कू फास तो नई लगी ना?"