टप

‘टप’ हा शब्द मला फार आवडतो. तो उच्चारला, की ताणलेल्या कापडावर पावसाचा पहिला थेंब पडल्याचा भास होतो. टांग्याला टप असे, बग्गीला असे. आणि मोटार आली तेव्हा तिनेही तो या वडीलधाऱ्या वाहनांकडूनच घेतला. चार कमानी, त्यांवर जाड कापड. ऊन लागले की वर, वारा हवासा वाटला की मागे. आरंभीच्या बहुतेक मोटारी अशा उघड्याच होत्या. १९२० नंतरच्या दशकात बंद मोटारी स्वस्त झाल्या, आणि मग उघडा टप ही हौस ठरली. माणसाची मौज पाहा, डोक्यावर पक्के छप्पर आल्यावरच ते दूर सारण्याची त्याला लहर येते!

आणि हौस म्हटली की श्रम नकोत. १९३९ साली अमेरिकेतल्या प्लिमथ मोटारीला आपोआप हलणारा टप आला. तो निर्वात दाबावर चाले. महायुद्धानंतर तेलाच्या दाबाची पद्धत रूढ झाली. रचना तशी साधी. बॅटरीवर चालणारी एक लहान मोटर पंप फिरवते, पंप नळ्यांतून तेल ढकलतो, आणि मागच्या आसनाच्या दोन्ही अंगांना बसवलेले दोन दट्टे टप उचलतात. पूर्वी ज्या कामाला दोन माणसे लागत, तिथे एक बोट पुरू लागले. दुसऱ्या माणसाची गरज अशी बटणाने नाहीशी झाली.

असल्या टपाची एक जुनी अमेरिकन मोटार आमच्या कुणकेश्वरच्या घरी होती. ती वडिलांची. नोकरी संपवून ते मुंबईहून गावी परतले, तेव्हा संसारातले अर्धे सामान त्यांनी वाटून टाकले, पण मोटार आणली. देवळापासून दूर नाही आमचे घर. समुद्राची गाज दिवसरात्र कानी असते. खारा वारा माणसाला मानवतो, लोखंडाला आणि तारांना मानवत नाही. वडील गेल्यावर मोटारीची वीज हळूहळू गेली. आधी दिवे मंदावले, मग टपाचे बटण मुके झाले.

घराचेही तसेच काहीसे झाले होते. वडिलांच्या मागे दादाच्या आणि माझ्या चुली वेगळ्या झाल्या. भांडण मोठे नव्हते. मोठी भांडणे निदान मिटवायला चार माणसे तरी येतात. आमचे होते कलमांच्या हद्दीचे, विहिरीच्या पंपाचे. आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. निरोप वहिनींकडून माझ्या पत्नीकडे येई आणि तिच्याकडून मला कळे. जमीन वाटली, भांडी वाटली, कलमे मोजून वाटली. मोटार तेवढी वाटता येईना, म्हणून ती विकायची ठरली. त्या एका गोष्टीवर मात्र दोन्ही चुलींचे एकमत झाले.

जुन्या मोटारींचा कायदाही आता निराळा आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. त्यांच्या पाटीवर ‘व्हीए’ अशी अक्षरे येतात. मिरवणूक, प्रदर्शन, दुरुस्ती यांसाठी त्या रस्त्यावर आणाव्यात, रोजच्या जाण्यायेण्याला नव्हे. म्हणजे म्हातारीला मान आहे, काम नाही. असल्या गाड्यांचा षोक असणारे एक गृहस्थ पाडव्याला ती पाहायला येणार होते.

चावदिशीची दुपार होती. पहाटे अभ्यंगस्नान झाले, कारीट फोडून झाले, ज्याच्या त्याच्या घरी पोह्यांचे प्रकार खाऊन झाले. मोटार पुसायला म्हणून मुलांनी ढकलत अंगणात आणली होती. टप मागे मिटलेला. पाहतो तो पूर्वेचे आभाळ काळे झालेले. मृगाचा पाऊस आमच्याकडे समुद्रावरून येतो. हा परतीचा सह्याद्रीकडून येतो, विजा घेऊन आणि न सांगता. पडवीत मोटार परत चढवायला माणसे पुरेनात. दादा त्याच्या ओट्यावरून उतरला, मी माझ्या. टपाला दोघांनी हात घातला. टप हलेना.

सुदैवाने होड्यांची इंजिने दुरुस्त करणारा मिस्त्री फराळाला आला होता. तो हातातली बशी न ठेवताच म्हणाला,

“जोर कित्याक करतास? आत त्याल कोंडलासा. आधी त्येका वाट करून देवा, मगे उचला.”

आणि तसेच होते. पंप थांबला की नळ्यांतले तेल जागच्या जागी अडते आणि दट्टे हटत नाहीत. काही पंपांना एक पेच असतो. तो सैल केला की तेलाला फिरायला वाट मिळते. आमच्या पंपाला तो नव्हता. मग मिस्त्र्याने बॅटरीची तार काढली, कारण मुलांची बोटे बटणाशीच खेळत होती. मागचे आसन उचलले, दोन्ही दट्ट्यांच्या टोकाच्या खिळी काढल्या आणि सुटे झालेले दांडे काथ्याने बाजूला बांधले.

“आता उचला. कापडाक हात लावू नको, चौकटीक लावा. सांध्यात बोट गेला तर ऱ्हवाचा नाय. आणि दोघांनी एकदम!”

हे ‘एकदम’च अवघड. एक बाजू पुढे गेली तर कमानी पिळवटतात आणि सांधे वाकतात. समोरच्याचा हात कापडाच्या आड दिसत नाही. म्हणजे बोलल्यावाचून गत्यंतर नाही.

“एक, दोन, तीन,” दादा म्हणाला. आठ महिन्यांनी तो माझ्याशी बोलला, ते आकडे.

टप उठला. मध्यावर तो उभा राहिला.

“थांब,” मी म्हटले.

“थांबलंय. तुझी बाजू वायच खाली घी.”

“हां. आता येवंदे.”

मध्य ओलांडला की टप आपल्याच भाराने पुढे धावतो. तेव्हा उचलायचे नसते, धरून ठेवायचे असते. तो आम्ही काचेपर्यंत अलगद नेला. दादाने आत बसून डावी कडी लावली, मी उजवी. आणि ‘टप’ असा आवाज झाला.

पाऊस अर्धा तास कोसळला. आम्ही दोघे आतच अडकलो. विहिरीच्या पंपाचा विषय निघाला नाही. दादाने विचारले, तुझ्याकडे यंदा ताकातले पोहे केले होते का? मी म्हटले, केले होते. तो म्हणाला, आईच्या हातचे तसे आता कुणाला जमत नाहीत. मी म्हटले, वहिनींना जमतात. पावसाचा जोर ओसरेपर्यंत एवढेच बोललो.

ओला टप मिटू नये, कापडाला बुरशी धरते. म्हणून तो पाडव्यापर्यंत तसाच उभा ठेवला. मधूनमधून कुणीतरी येऊन कापड हाताने चाचपून पाही. कधी मी असे, कधी दादा, एकदा दोघेही.

पाडव्याला गृहस्थ आले. मोटार त्यांना पसंत पडली, व्यवहार ठरला. जाताना त्यांनी विचारले, बटण चालत नाही तर टप लावायचा कसा? दादाने खिळी कुठली, दांडा कुठे बांधायचा, सगळे दाखवले. मग माझ्याकडे पाहून म्हणाला,

“दुसऱ्या बाजूचं हा सांगेल.”