भोंगा बंद झाल्यावर

मागच्या महिन्यात वस्तीतल्या एका मित्राने ग्रुपवर जुना फोटो टाकला. आमच्या शाळेच्या दिवसांतला, जयंतीच्या मिरवणुकीचा. पुढे निळे झेंडे, मधे बैलगाडीवर बाबासाहेबांची तसबीर, मागे पांढऱ्या साड्यांतल्या बाया, आणि कोपऱ्यात शर्टाची बटणं तुटलेले आम्ही. अर्ध्या तासात शंभर मेसेज पडले. ‘काय दिवस होते यार!’ पुण्यातून, हैदराबादहून, एक तर दुबईहून. आम्हीही दोनदा तेच लिहिलं.

रात्री झोप लागेना. मनात आलं, कोणते दिवस? एका नळावर पहाटे चारला लागलेली घागरींची रांग? पावसाळ्यात चुलीपर्यंत येणारं नालीचं पाणी? घराघरातली दारू आणि तिच्यापायी मार खाणाऱ्या मायबहिणी? हे सगळं त्याच फोटोच्या मागे होतं. मग आपल्याला आठवण नेमकी कशाची येते?

आमची वस्ती नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या आधाराने वाढलेली. निजामाच्या काळात उभी राहिलेली ही मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारच्या ताब्यात आली आणि पुढे नांदेड टेक्सटाईल मिल झाली. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत ‘उस्मानशाही’च. वस्तीत घड्याळं कमी होती आणि त्यांची गरजही नव्हती. भोंगा झाला की पाळी सुटली, भोंगा झाला की चहा ठेवायचा. आमचे वडील आधी बदली कामगार. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. कायम झाले त्या दिवशी आईने पुरणपोळी केली होती, सण नसताना.

कायम होणं म्हणजे काय, हे आजच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. ठरलेल्या तारखेला पगार, प्रॉव्हिडंट फंड, आणि हातात एक छापील पगारपत्रक. ज्या बापाचा बाप गावात येसकरकी करत भाकर मागत फिरला, त्या बापाच्या नावाने छापील कागद निघायचा! त्या कागदावर सोसायटीतून कर्ज मिळालं, कर्जावर थोरल्या भावाचं डी.एड. झालं. वस्तीतलं विहार बांधलं तेही दर पगाराला दिलेल्या वर्गणीतून. सिमेंट कमी पडलं तेव्हा बायकांनी जोडवी मोडली, ही गोष्ट आमची आई अजून सांगते आणि दर वेळी जोडव्यांची संख्या वाढते.

विहाराच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड, जुनी मासिकं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन व्हायचं, आणि वाचायला मुद्दाम सहावी-सातवीतल्या पोरांना बसवायचे. जोडाक्षर चुकलं की पाठीमागून पाळी करून आलेला कुणीतरी काका तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. तो स्वतः चौथी शिकलेला.

नामांतराच्या गोष्टीही आम्ही तिथेच ऐकल्या. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. याच जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. तेव्हा गावं सोडून आलेले नातेवाईक आमच्या वस्तीत एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं करून राहिले. १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी याच नांदेडात नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्ताराचा दिवस आम्हाला अंधुक आठवतो, गुलालापेक्षा रडणारी मोठी माणसं जास्त आठवतात. गावाने हाकललेल्याला शहरात पाठ टेकायला जागा मिळाली, कारण त्या जागेत कुणाच्या तरी घरात पगार येत होता. चळवळीच्या इतिहासात हुतात्म्यांची नावं येतात, आलीच पाहिजेत. पण त्या काळात पोरांना घरी ठेवून मोर्चाला जाता यावं इतकं पीठ डब्यात कुठून होतं, हे कुणी लिहीत नाही.

आता कुणी म्हणेल, तुम्ही मिलचे गोडवे गाता. नाही. गिरणीत जात नव्हती असं म्हणणाऱ्याला आम्ही १९२८ चा मुंबईचा संप वाचायला सांगू. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ आडवा येई. पगार जास्त त्याच खात्यात. बाबासाहेबांनी संपाच्या वेळी हा प्रश्न पुढे आणला, तेव्हा कामगार एकजुटीच्या मोठमोठ्या भाषणांची अडचण झाली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे शत्रू दोन सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मनमाड आमच्याच रेल्वेलाईनवर आहे. आपण यातला पहिला शत्रू पाठ केला आणि दुसऱ्याचं नाव घ्यायचं सोडून दिलं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारण मिल बंद झाली तेव्हा वस्तीतून एकही मोठा मोर्चा निघाला नाही. आम्ही शाळेत होतो. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आले, कुणी मोटारसायकल घेतली, कुणी पोरीचं लग्न उरकलं, कुणी पानटपरी टाकली. दोन-तीन वर्षांत सगळं संपलं. पुतळ्याच्या विटंबनेवर एका तासात रस्त्यावर येणारी वस्ती पोटावर पाय आला तेव्हा गप्प राहिली. आम्ही आरक्षण वाचवा म्हणतो, ते म्हटलंच पाहिजे. पण सरकारी कारखाना बंद होणं हीसुद्धा आपली पायरी काढून घेणंच होतं, हे तेव्हा आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं.

मग २००८ चा गुरु-ता-गद्दी सोहळा आला. शहरात पैसा आला, रस्ते रुंद झाले, नांदेड ओळखू येईना. चांगलंच झालं, आम्हीही त्या रस्त्यांवरून गाडी चालवतो. फक्त रुंदीकरणात वस्तीची पुढची रांग गेली आणि तिच्याबरोबर संध्याकाळी बसायचा ओटा गेला. वस्तीतली भांडणं त्या ओट्यावर मिटायची, वर्गणी तिथेच गोळा व्हायची.

आम्ही पुढे समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि कामासाठी लातूरला गेलो. खोली शोधायला निघालो तेव्हा पुस्तकातलं सगळं समाजशास्त्र चार दिवसांत डोळ्यांसमोर आलं. घरमालक आधी गाव विचारायचा, मग आडनाव, मग ‘पूर्ण नाव सांगा ना’. पाचव्या ठिकाणी त्याने काहीच न विचारता खोली दिली. सामान लावताना भिंतीवरची तसबीर दिसली आणि महिना भरायच्या आत त्याच्या पुतण्याचं लग्न निघालं, खोली रिकामी करा. वस्तीत आम्हाला कधी कुणी पूर्ण नाव विचारलं नव्हतं. आठवण येते ती बहुधा याचीही.

लातुरात आम्ही डाळ मिलमध्ये काम करणाऱ्या बायकांच्या वस्त्यांत फिरतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० टाक्या, ५ लाख लिटर. साऱ्या देशाने ती टीव्हीवर पाहिली. या बायकांनी टँकरची वाट पाहत मजुरीचे दिवस बुडवले, ते कुठेच दिसलं नाही. रोजंदारी, हजेरीचा कागद नाही, फंड नाही. एकीला आम्ही विचारलं, वस्तीत विहार का नाही? ती म्हणाली, “दादा, वर्गणी मागायची तर कुणाकडं? इथं शनवारी पैसे येतेत अन् रविवारी जातेत.” आमच्या एम.ए.च्या दोन वर्षांत एवढं नेमकं वाक्य आम्ही लिहिलं नाही.

वस्तीतल्या घराला आता गिऱ्हाईक आलं आहे. भाव बरा आहे. आम्हा भावंडांचं मत विकावं असंच होतं, कारण आमच्यापैकी कुणीच तिथे राहत नाही, आणि ‘काय दिवस होते’ लिहिणाऱ्या शंभरांपैकीही कुणी राहत नाही. आईला फ्लॅटवर चल म्हटलं.

“मला नको तुमचा फ्लॅट. तिथं दारं लावून बसतेत लोकं.”

“आई, इथं तरी कोण राहिलंय?”

“कपाट राहिलंय की.”

आम्हाला आधी कळलंच नाही. मग ती विहाराच्या मागच्या खोलीत घेऊन गेली. पुढच्या अर्ध्या भागात आता डीजेचे बॉक्स ठेवलेले आहेत. कपाट उघडलं तर खालच्या कप्प्याला वाळवी. वरचे खंड मात्र शाबूत, मागे दोन-तीन फुटलेल्या मासिकांचे गठ्ठे, आणि एका खंडात खूण म्हणून घातलेलं कुणाचं तरी पगारपत्रक. नाव पुसट झालं होतं. आईने डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाली, आपलं नाही, पण असू दे तिथंच.

घराचा व्यवहार सध्या थांबला आहे. दर रविवारी संध्याकाळी सहाला कपाट उघडतं. मागच्या वेळी चार पोरं आली होती, त्यातली दोन डीजेवाल्याची.